उलटटपाल

३ मार्च

एकतीस वर्षं मी मुलींना पत्राचा मायना शिकवला. वडिलांना काय लिहायचं, मैत्रिणीला काय, मुख्याध्यापिकेला काय, आणि मायना चुकला की अर्धा गुण गेला. आज मात्र कागद समोर घेऊन वीस मिनिटं झाली आणि मायन्याची जागा कोरीच आहे. तुम्ही लेखिका आणि मी अनुवादिका, हे आपलं एक नातं. तुम्ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, हे दुसरं. दुसऱ्या नात्यात आपण नऊ वर्षं एकमेकींशी बोललेलो नाही. तेव्हा पहिल्याच नात्याने लिहिते. मायन्याचा अर्धा गुण कापून घ्यावा.

काम असं आहे. सिस्टिम म्हणजे काय, याची ओळख करून देणारं तुमचं छोटं पुस्तक आपल्या भाषेत आणायचं माझ्याकडे आलं आहे. मी मागायला गेले नव्हते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता प्रकाशिका झाली आहे. शाळेत रोज पहिल्या तासाला उशिरा यायची. आता साऱ्या जगाला मुदती देत फिरते. घरात आम्ही तिला मुदतबाईच म्हणतो. ती आली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, लेखिकेची अट आहे. भाषांतर शास्त्रज्ञाने नाही, भाषेच्या माणसाने करायचं. मग तुमच्याशिवाय कोण?"

मी मुखपृष्ठावरचं नाव वाचलं. विचारलं, "मी करणार, हे त्यांना माहीत आहे?"

"अजून नाही, बाई. पण छापायच्या आधी त्यांची लेखी संमती लागेल. तुमच्या नावाला आणि तुम्ही निवडलेल्या शब्दांना. तीस एप्रिल शेवटची तारीख. नाही आली, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." आणि मग शाळेतल्यासारखी मान खाली घालून, "तुम्ही रागावू नका हं."

मी हो म्हटलं. का म्हटलं, तो या पत्राचा विषय नाही.

सोबत पहिलं प्रकरण पाठवते आहे. सुटे भाग नुसते जवळजवळ ठेवले तर तो ढीग. ते एकमेकांवर परिणाम करायला लागले की ती सिस्टिम, असं तुम्ही लिहिता. पुढे मोटारीच्या इंजिनाचं उदाहरण देता. मी ते बदललं आहे. सायकलचे सगळे भाग पोत्यात भरले तरी वजन तेवढंच भरतं, पण पोत्यावर बसून कुणी बाजारात जात नाही, असं केलं आहे. चालेल का, कळवावे.

'सिस्टिम' तशीच ठेवावी, तर अडचण घरातच आहे. तुमच्या बंधूंनी जन्मभर सभा-समारंभांना माइक आणि कर्णे लावले. त्यांच्या लेखी सिस्टिम म्हणजे कर्णे. पुस्तकाचं नाव वाचून ते म्हणाले, "अरे वा, ताईने शेवटी माझ्या धंद्यावर लिहिलं!" म्हणून मी 'घडी' हा शब्द सुचवते. घडी बसते, घडी विस्कटते. विचार व्हावा.

आपली,
अनुवादिका

ता. क. तुमचे बंधू बरे आहेत. ते तुम्हाला रविवारच्या फोनवर कळतंच. पण खोकला गेला असं सांगत असतील, तर ते खोटं आहे.

१९ मार्च

लेखिका महोदया,

उत्तर नाही. हरकत नाही, टपालाला वेळ लागतो. दुसरं प्रकरण सोबत आहे.

ते वाचताना मी एकटीच मोठ्याने हसले. सुट्या भागांत कुठेच नसलेली गोष्ट, ते एकत्र आले की आपसूक कशी दिसायला लागते, हे तुम्ही पक्ष्यांच्या थव्यावरून समजावलं आहे. मला थवा नाही दिसला. मला आमच्या कॉन्व्हेंटचा मधला जिना दिसला.

शाळा सुटली की चारशे मुली तो जिना उतरायच्या, आणि शंभरेक मुली त्याच वेळी गाण्याच्या वर्गासाठी वर चढायच्या. पण धक्का म्हणून लागायचा नाही. उतरणाऱ्या कठड्याच्या बाजूने, चढणाऱ्या भिंतीच्या बाजूने, अशा दोन ओळी व्हायच्या. खाली घंटेपाशी एक सिस्टर हातात लाकडी पट्टी घेऊन उभ्या असायच्या. आम्ही त्यांना जिन्याच्या सिस्टर म्हणायचो. दर पालकसभेत त्या सांगायच्या, "ही शिस्त मी लावली." मग एका वर्षी त्यांना कांजिण्या झाल्या. त्या वयात! तीन आठवडे जिन्याला पट्टी नाही, सिस्टर नाहीत. दोन ओळी मात्र जशाच्या तशा. मी तेव्हा सातवीत होते. माझी खात्री होती की त्यांच्या जागी एखादा देवदूत उभा आहे, फक्त आम्हाला दिसत नाही.

आता इतक्या वर्षांनी तुमच्या पुस्तकाने देवदूत काढून घेतला, पण त्याच्या बदल्यात जे दिलं ते मला जास्त आवडलं. प्रत्येक मुलगी फक्त आपल्या पुढच्या मुलीच्या वेणीमागे चालत होती, कारण समोरून येणाऱ्या घोळक्यात घुसण्यापेक्षा ते सोपं होतं. बस. ओळ कुणाच्याच डोक्यात नव्हती आणि तरी ओळ होती. याला मी 'उपज' म्हटलं आहे.

सिस्टर बऱ्या होऊन आल्या, तेव्हा काय म्हणाल्या असतील? "बघितलंत? मी नसतानाही माझी शिस्त टिकली."

आता तिसऱ्या प्रकरणातला तुमचा मोठा शब्द, 'फीडबॅक'. कोशात 'प्रत्याभरण' सापडला. तो कसा वाटतो ते बघायला मी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिला, तर तुमचे बंधू घाबरून आत आले. "कुणाचं मरण?"

तो शब्द तिथेच सोडला. माझा शब्द आहे 'उलटटपाल'. उलट टपाली कळवावे, असं आपण लिहितोच ना? आपण काहीतरी करतो, त्याचा परिणाम फिरून आपल्याकडेच येतो, आणि मग आपण पुढे काय करायचं ते तोच ठरवतो. समोरच्या सुताराला विचारून पाहिलं, उलटटपाल म्हणजे काय असेल? रंधा न थांबवता म्हणाला, "आपण धाडलेलं आपल्याकडेच येतं ते." याहून सोपी व्याख्या तुमच्या पुस्तकात नाही, माफ करा.

पसंत असल्यास उलट टपाली कळवावे. हा विनोद नाही. थोडा आहे.

आपली,
अनुवादिका

६ एप्रिल

महोदया,

रविवारी फोन वाजला आणि नेहमीप्रमाणे मी उठून गॅलरीत गेले. तुमचा फोन आला की मी गॅलरीत जाते, हे तुम्हाला माहीत असेल. दार पूर्ण लावत नाही, हे तुमचे बंधू तुम्हाला सांगत नसतील.

फोन ठेवून ते आले. "ताई म्हणते, पान एकतीसवरच्या आकृतीतला बाण उलटा आहे."

"एवढंच?"

"घडीला नको म्हणते. घडी कपड्यांची असते म्हणते."

"आणि उलटटपाल?"

"त्याबद्दल बोलली नाही. हसली वाटतं."

"हसली म्हणजे कशी हसली? चांगली की वाईट?"

"आता हसण्यातलं मला काय कळतंय? आवाज ठीक होता, एवढं सांगतो. खरखर नव्हती."

बाण सरळ केला आहे. घडी काढून 'व्यवस्था' घातली आहे, पण मनापासून नाही.

सीमेबद्दलचा भाग करायला मला चार दिवस लागले. व्यवस्थेची सीमा निसर्ग आखत नाही, बघणारा आखतो. तळ्यात ढग धरायचा की नाही ते तुम्ही काय शोधायला निघालात त्यावर ठरतं. हे वाक्य दोन ओळींचं आहे. चार दिवस का लागले, ते सांगते. मुदतबाई आली होती. अनुवादिकेच्या परिचयात घालायला तिने विचारलं, "बाई, घरात कोण कोण असतं?" मी म्हटलं, "आम्ही दोघंच." आतून तुमचे बंधू ओरडले, "तिघं! ताईला धर की!" मुदतबाईने लिहिता लिहिता पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी विषय बदलला.

त्या दिवसाचा विषय मी काढणार नव्हते. पण चौथ्या प्रकरणाचं शीर्षक समोर आहे आणि ते बाजूला सारून पुढे जाता येत नाही. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: आधी अनुक्रमणिका, मग पुस्तक. सगळी शीर्षकं मी पहिल्या दिवशीच करून टाकली. चौथ्याचं केलं आहे, 'वाईट उलटटपाल'. मूळ शब्द तेच दोन आहेत, जे तुम्ही तुमच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात भरल्या सभागृहात, माझ्याकडे बोट करून म्हणालात. विसरला असाल, म्हणून लिहिते. "हा माझा भाऊ म्हणजे माझा पॉझिटिव्ह फीडबॅक. आणि ही वहिनीबाई, माझी निगेटिव्ह फीडबॅक!"

दोनशे माणसं हसली. माझी मुख्याध्यापिका माझ्याच शेजारी बसली होती, तीही हसली. वन्सं, मी प्रगतिपुस्तकं भरत म्हातारी झाले. चांगला अभिप्राय काय आणि वाईट अभिप्राय काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. ज्या घरात तुम्ही शिकलात, खचलात, पुन्हा उभ्या राहिलात, त्या घरातल्या बाईला तुम्ही सगळ्यांदेखत नापास केलंत. मी रांगेतून उठले आणि निघून गेले. तुम्ही नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाहीत, की ही का उठली.

वर 'वन्सं' असं लिहून गेले आहे. खोडत नाही, कागद खराब होतो.

ते प्रकरण मी अजून वाचलेलं नाही. उद्या वाचेन. भाषांतर नीटच करीन, त्याची काळजी नको. पण संमतीचा कागद येईल तेव्हा त्यासोबत एवढं एक उत्तरही आलं, तर मला हवं आहे.

अनुवादिका

८ एप्रिल

वन्सं,

काल सकाळी नऊला चौथं प्रकरण उघडलं. साडेनऊला चहा उतू गेला. दहाला मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले, आणि फोनही आलेला नव्हता.

अंग तापलं की घाम येतो, गार पडलं की काटा येतो, आणि या दोन्हींच्या मधे माणूस जिवंत राहतो. सायकल डावीकडे कलली की हात डावीकडे वळतो आणि ती पुन्हा सरळ होते. बदल जिकडे चालला असेल त्याच्या उलट ढकलतं, एवढ्यासाठीच त्याला 'निगेटिव्ह' म्हणायचं. वाईटपणाचा त्यात काही संबंध नाही. आणि मग तुमचं ते वाक्य: 'हे नसतं, तर कोणतीही जिवंत गोष्ट सकाळची दुपार होईपर्यंत टिकली नसती.' मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा काढून वाचलं, म्हणजे वाचलं नाहीच.

पॉझिटिव्ह ते, जे चढलेल्याला आणखी चढवतं आणि पडलेल्याला आणखी पाडतं.

मी आत गेले. तुमचे बंधू जुनी वायर गुंडाळत बसले होते. म्हटलं, "अहो, फीडबॅक म्हणजे काय?"

"शिट्टी."

"कसली शिट्टी?"

"माइक कर्ण्यासमोर आला की होते ती. कर्ण्यातला आवाज माइकात शिरतो, माइकातला परत कर्ण्यात, असा वाढत वाढत किंचाळतो. त्यालाच फीडबॅक म्हणायचं. का?"

"मग त्या दिवशी तुमच्या ताईंनी तुम्हाला काय म्हटलं?"

"मला शिट्टी म्हटलं," ते शांतपणे म्हणाले. "भर सभेत. मी लावलेल्या माइकवरून. मी रागावलो का?"

"आणि मी उठून गेले, ते तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, मला शिट्टी म्हटलं म्हणून तुला राग आला." वायरीचं वेटोळं मांडीवर ठेवून ते जरा लाजले. "बरं वाटलं होतं मला."

नऊ वर्षं, वन्सं! नऊ वर्षं हा माणूस, बायको आपल्या बाजूने रुसली आहे म्हणून मनातल्या मनात सुखावून बसला होता. मला इतकं हसू आलं की भिंतीला धरून उभं राहावं लागलं. मग ते थांबेना, आणि ते हसू नव्हे हे आधी त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी पाणी आणून दिलं.

दुपारभर मी आठवत बसले. तुम्ही प्रबंध चार वेळा सोडलात. चारही वेळा वह्यांची चवड घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलात, "वहिनीबाई, संपलं, मी सोडते आहे." माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, तुमचा प्रबंध कशावर आहे हे मला कळत नव्हतं. मी म्हणाले, "आधी जेवून घ्या, मग सोडा." चारही वेळा तुम्ही जेवलात, झोपलात आणि उठून टेबलाशी गेलात. आणि मोठा पुरस्कार मिळाल्यावर आठवडाभर तुमचे पाय जमिनीला लागत नव्हते, तेव्हा मी काय म्हणाले होते? "वन्सं, गाऊन उलटा घातलाय." तुमचा भाऊ मात्र! तुम्ही म्हणायचात सोडते, की तो म्हणायचा, "सोडच! आजच सोड! मीही काम सोडतो!" तुम्ही म्हणायचात, बरं जमलंय, की तो, "बरं? जगात असं कुणी लिहिलं नसेल!" माणूस नव्हे, खरोखरच शिट्टी.

असंच म्हणायचं होतं ना तुम्हाला? तुमच्या विद्यार्थ्यांना ते कळलं, म्हणून ते हसले. मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे सुद्धा कळलं नाही, कारण शब्द ओळखीचा होता. अनोळखी असता तर मी विचारलं असतं.

शीर्षक बदललं आहे: 'सावरतं उलटटपाल'. पॉझिटिव्हचं 'चढतं'.

तीस तारखेचं मला आता फारसं वाटत नाही. पुस्तक दुसऱ्याकडे गेलं तर जाऊ दे. पण तुम्ही उत्तर द्या. मी पुन्हा चुकीचं वाचलं असेन, तर तेही सांगा. रागावून सांगा हवं तर.

तुमची,
वहिनीबाई

२९ एप्रिल

वन्सं,

तुमचं पाकीट आज दुपारी आलं. मुदत संपायला एक दिवस होता. मुदतबाई सकाळपासून आमच्याकडे ठाण मांडून बसली होती आणि दर पंधरा मिनिटांनी जिन्यात जाऊन टपालपेटी उघडून येत होती. मी मुद्दाम वाटाणे सोलत बसले होते. सोललेले किती आणि सांडलेले किती, ते विचारू नका.

पाकीट मी फोडलं नाही, तिनेच फोडलं. संमतीचा कागद छातीशी धरून ती गोल फिरली. माझी विद्यार्थिनी, पन्नाशीची, प्रकाशिका! "बाई, उलटटपाल पास! उपज पास! सावरतं पास!" मग तिला आतला दुसरा कागद दिसला, माझ्या नावाचा. तो तिने न वाचता माझ्या हातात दिला आणि तुमच्या बंधूंना घेऊन गॅलरीत गेली. पोरगी शहाणी झाली आहे.

तुम्ही लिहिता, 'वहिनीबाई, तू वाचलंस त्यातलं निम्मं बरोबर आहे. मला तेच म्हणायचं होतं. पण सगळे हसतील हेही मला माहीत होतं, आणि तुला टोचेल हेही थोडं माहीत होतं. त्या दिवशी सकाळी गाडीत तू म्हणालीस, भाषण लांब झालंय, दुसरं पान काढून टाका. ते दुसरं पान माझं सगळ्यात लाडकं होतं.'

वन्सं, ते दुसरं पान खरंच वाईट होतं. पण हे सांगितलंत ते फार बरं केलंत. नुसतं 'तुझी समजूत चुकली' एवढंच लिहून आलं असतं, तर सगळी चूक माझ्या एकटीच्या पदरात पडली असती आणि मला ती जड झाली असती. आता निम्मी-निम्मी आहे. निम्मी चूक हसत हसत उचलता येते.

पुढचं वाचताना मात्र मी खुर्चीवर बसले. 'तू उठलीस, तेव्हा मला वाटलं भाषण लांबलं म्हणून उठलीस. मग मीही रागावले. विलंबावर अख्खं प्रकरण लिहिणारी मी, एक पत्र टाकलं नाही.'

तुमचं विलंबाचं प्रकरण मी गेल्या आठवड्यातच केलं. त्यात मी माझं एक उदाहरण घुसडलं आहे, ते ठेवू द्या. सहामाहीत निकाल वाईट लागला की मी तपासणी सैल करायची. मुली बिचाऱ्या तोपर्यंत अभ्यासाला लागलेल्या असायच्या, म्हणजे वार्षिकला सगळ्यांना गुणच गुण. ते पाहून मी पुढच्या वर्षी तपासणी कडक करायची, तर मुली तोवर निवांत झालेल्या, म्हणजे पुन्हा धडाधड नापास. कितीतरी वर्षं मला वाटायचं, एका वर्षी वर्गच हुशार येतो आणि एका वर्षी ढ. वर्ग सारखेच होते. मी कालच्या बातमीवर आजचा हात चालवत होते.

आपलंही तेच झालं, नाही? तुम्ही गप्प म्हणून मी गप्प. मी गप्प म्हणून तुम्ही आणखी गप्प. तुमच्या भावाची शिट्टीच ती, फक्त आवाज नसलेली. आणि दोघींनाही वाटत होतं, आपण नुसत्या उभ्या आहोत.

सहावं प्रकरण मला पत्रांतून जमणार नाही. त्यातला मुख्य शब्दच, 'कॉम्प्लेक्सिटी', अडला आहे. तुम्ही या. कोपऱ्यातली खोली झाडून, खिडकीची काच बसवून घेतली आहे. टेबल तुमचंच आहे, शाईच्या डागासकट. मला पुस्तक पुरं करायचं आहे हे खरं, पण नुसतं तेवढ्यासाठी बोलवत नाही.

तुमची,
वहिनीबाई

१४ जून, सकाळी साडेदहा
जेवणाच्या टेबलावरून, तुमच्या बंद दाराकडे

वन्सं,

शब्दकोश आपटून तुम्ही खोलीत गेलात, त्याला वीस मिनिटं झाली. मागच्या वेळी मी नऊ वर्षं थांबले होते. या वेळी वीसच मिनिटं थांबले, आणि तीही पाचव्या मिनिटापासून जड जायला लागली. म्हणून ही चिठ्ठी दाराखालून सरकवते.

'गुंता' हा शब्द मी मागे घेते. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. गुंता सोडवायचा असतो. घड्याळ बिघडलं तर ते उलगडून मांडता येतं, दुरुस्त करता येतं. पण जंगल, बाजार, घर, ही माणसाने सोडवायची कोडी नव्हेत, यांच्यात राहायचं असतं आणि राहता राहता थोडं थोडं समजून घ्यायचं असतं. आणि मग तुम्ही, ज्यांना पाचवीत शुद्धलेखनात तीन गुण मिळाले होते, तुम्ही तोंडातल्या तोंडात म्हणालात, "त्यापेक्षा 'वीण' म्हण की."

वीण! एक धागा ओढला की लांबवरचा टाका आकसतो. मी भाषेची शिक्षिका. तीन महिने कोश उलथेपालथे करते आहे. आणि तो शब्द तुम्हाला सुचावा, पावाला लोणी लावता लावता? मी म्हणाले, "शास्त्रज्ञांनी भाषेत नाक खुपसू नये." वन्सं, शब्द चुकीचा होता म्हणून मी चिडले नाही. तो मला सुचला नाही म्हणून चिडले. हे समोर बसून सांगता आलं नाही, कागदावर येतंय.

सहाव्या प्रकरणाचं नाव 'वीण' केलं आहे. तळटीप घातली आहे की हा शब्द लेखिकेचा. फार लहान अक्षरात नाही.

तुमचे बंधू दोन खोल्यांच्या मधे खुर्ची टाकून बसले आहेत. तुमच्या दाराकडे बघून म्हणतात, "ताई, तुझं अगदी बरोबर आहे." माझ्याकडे बघून म्हणतात, "तुझंच बरोबर आहे." अशाने हे कुठे पोचेल ते तुम्हाला शास्त्राने माहीत आहे. त्यांना आवरायला तरी बाहेर या.

त्याच दिवशी, अकरा वाजता

वन्सं,

तुमची चिठ्ठी दाराखालून आली. चार ओळींत चार चुका.

'भूक' मधला 'भू' दीर्घ. 'चिठ्ठी'त ठला ठच जोडायचा, ट नव्हे. 'मी सुद्धा चूकले' यात 'चु' ऱ्हस्व, आणि तुम्ही मुळीच चुकला नव्हतात, म्हणून ते वाक्यच काढलं आहे. अंडी किती उकडायची, या प्रश्नाचं उत्तर चार; एक मुदतबाईला, ती बाराला मुद्रितं घेऊन येते आहे. तुम्ही इथे आहात हे मी तिला सांगितलेलं नाही. तिचं तोंड मला बघायचं आहे.

शेवटची ओळ तुम्ही अशी लिहिली आहे: 'पुढच्या वर्षी पण मी यायचं?'

तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर आहे. फक्त शेवटचं चिन्ह चुकलं. प्रश्नचिन्ह लाल शाईने खोडून तिथे पूर्णविराम दिला आहे.